दादरच्या पिठाचा एल ८७.१ की ८३.८?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. चोपड्याकडे तुमचं छोटं युनिट आहे, त्यात दादरचं, म्हणजे आपल्या खानदेशी रब्बी ज्वारीचं पीठ आणि बेसन निघतं. पुण्याच्या एका रेडी-मिक्सवाल्या गिऱ्हाइकानं दादरच्या पिठाचा लॉट परत पाठवला, कारण त्यांच्या रंग मोजायच्या मीटरवर एल, म्हणजे उजळपणाचा आकडा, ८३.८ आला आणि त्यांची अट किमान ८५ ची आहे. त्याच पोत्यातला नमुना तुम्ही एका खासगी लॅबमध्ये दिला, तिथे ८७.१ आला. आता तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: खोटं कोण बोलतंय, आणि आपण कोणतं मीटर घ्यावं.

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की कदाचित कोणीच खोटं बोलत नाही. पिठाच्या आणि डाळीच्या कारखान्यांतल्या लॅबमध्ये माझी बावीस वर्षं गेली, आधी धुळ्याला आणि मग जळगाव एमआयडीसीत. हे दोन आकडे एकत्र दिसले तेव्हा मी कॅल्क्युलेटरच काढला.

‘एल, ए, बी’ नावाच्या मापनपद्धती दोन आहेत. एक हंटरची, १९४८ ची. दुसरी सीआयई या प्रकाश आणि रंगाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची, १९७६ ची. दोन्हींत एल म्हणजे उजळपणा, शून्य काळा आणि शंभर पांढरा. ए म्हणजे हिरव्याकडून लालकडे, बी म्हणजे निळ्याकडून पिवळ्याकडे. नावं सारखी, गणित वेगळं. हंटरमध्ये परावर्तित प्रकाशाच्या टक्केवारीचं वर्गमूळ काढून दहानं गुणतात. सीआयईमध्ये टक्केवारीला आधी शंभरनं भागतात, त्याचं घनमूळ काढून ११६ नं गुणतात आणि १६ वजा करतात. समजा तुमचं पीठ ७०.२ टक्के प्रकाश परत फेकतंय. हंटरनं एल येतो ८३.८. सीआयईनं येतो ८७.१. म्हणजे तुमचेच दोन आकडे, दशांशापर्यंत!

मी पैज लावणार नाही, योगायोगही असू शकतो. पण नवीन मीटरवर पैसे घालण्याआधी दोन्ही अहवालांच्या तळाशी बारीक अक्षरात काय छापलंय ते बघा. सीआयईच्या अहवालात बहुधा अक्षरावर चांदणी असते, हंटरच्या नसते. प्रकाशस्रोत कोणता ते बघा: डी ६५ की सी, ही दिवसाच्या उजेडाच्या दोन ठरीव नमुन्यांची नावं. निरीक्षक कोन, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्याला रंग किती रुंद दिसतो असं धरलंय, तो २ अंश की १० अंश, तेही बघा. आणि गिऱ्हाइकाला एकच ओळ लिहून विचारा, ‘तुमची ८५ ची अट कोणत्या स्केलवर आहे?’ मी काम करायचो त्या एका ठिकाणी हा प्रश्न विचारायला आम्हाला आठ महिने लागले. तोवर दोन्हीकडचे खरेदी अधिकारी एकमेकांशी बोलेनासे झाले होते.

स्केल एकच निघाली तर मात्र काम वाढतं. तीन अंकांचा फरक मोठा असतो, तो उघड्या डोळ्यांना दिसायलाच हवा. दोन्हीकडचं पीठ शेजारी-शेजारी ठेवून डोळ्यांना काहीच दिसत नसेल, तर दोष पिठात नाही, मोजण्यात आहे. आणि आमच्या धंद्यात मोजण्यातला दोष बहुतेक वेळा यंत्रात नसतो, पीठ यंत्रासमोर कसं ठेवलं त्यात असतो. हे जरा सविस्तर सांगतो, कारण मीटर विकणारा हे सांगत नाही.

पीठ पांढरं दिसतं ते बरंचसं त्याच्या कणांमुळे. प्रत्येक कणाच्या कडेवर प्रकाश विखुरतो. कण जितके बारीक तितक्या कडा जास्त, तितका उजेड जास्त परत येतो. तीच दादर, त्याच पोत्यातली, बारीक जाळीतून काढली की उजळ दिसते आणि जाड दळली की मळकट. दाणा बदललेला नसतो. एकदा आमच्याकडे बेसनाचा एल आठवडाभर हळूहळू घसरत गेला. डाळ बदलली, पुरवठादाराला झापलं, लॅबच्या पोराला झापलं. शेवटी मेंटेनन्सवाल्यानं चाळणी खोलली तर जाळी एका कोपऱ्यात फाटलेली. जाड कण खाली येत होते. मीटर बरोबर सांगत होतं, आम्हीच चुकीच्या माणसाला झापत होतो.

दुसरी गोष्ट ओलावा. ओलावा वाढला की प्रकाश कमी विखुरतो, पीठ गडद होतं. ओला रस्ता काळा दिसतो तसंच. आपल्याकडे मे महिन्यात पीठ खडखडीत कोरडं असतं. तेच पीठ श्रावणात गोडाऊनमध्ये पडलं की ओलावा दोन-तीन टक्क्यांनी सहज वर जातो आणि एल खाली येतो. तुमचा लॉट पावसाळ्यात ताडपत्रीखाली पुण्याला गेला असेल, तर तिथे पोचलेलं पीठ चोपड्याहून निघालेलं पीठ नव्हतं असंच समजा. म्हणून रंगाच्या आकड्याशेजारी ओलाव्याचा आकडा लिहिला नसेल तर त्या रंगाच्या आकड्यावर मी फार बोलत नाही.

तिसरी गोष्ट दाबणं. वाटीत पीठ सैल ओतलं तर एक आकडा, थापून भरलं तर दुसरा. पृष्ठभागावर भेग असली की तिच्यात सावली पडते. थर पातळ असला तर वाटीचा तळ डोकावतो, म्हणून किमान एक सेंटिमीटर जाडी ठेवा. काचेतून मोजत असाल तर काच कोणती, स्वच्छ आहे का, ओरखडा आहे का, हेही मोजमापात येतं. बेसनाचं तर विचारूच नका. त्याचा तेलकट पिवळा थर काचेवर आणि मीटर जुळवून घ्यायच्या पांढऱ्या कॅलिब्रेशन टाइलवर बसतो. टाइलच पिवळी झाली की मीटर त्या पिवळ्यालाच पांढरं समजतं आणि पुढची सगळी बेसनं फिकी दाखवतं. माझ्या हातून हे घडलंय. चांगला माल मी दोन दिवस ‘फिका’ म्हणून बाजूला काढून ठेवला होता.

मग करायचं काय? गव्हाच्या गिरणीवाल्यांनी यावर फार पूर्वी तोड काढली. पेकार चाचणी म्हणून एक साधी पद्धत आहे. फळीवर दोन-तीन पिठांचे नमुने शेजारी-शेजारी दाबून सपाट करायचे, कडा सरळ कापायच्या, आणि फळी तिरकी धरून हलकेच पाण्यात बुडवून काढायची. पाणी कणांमधली हवा घालवतं, बारीक-जाड हा फरक मागे पडतो आणि कोंडा उठून दिसतो. कोरडे असताना जुळे भाऊ वाटणारे नमुने ओले झाले की एकदम वेगळे होतात. केंट-जोन्स आणि मार्टिन यांच्या नावानं ओळखलं जाणारं गिरण्यांतलं जुनं रंगमापक यंत्रही याच तत्त्वावर चालायचं. ३० ग्रॅम पीठ ५० मिलीलीटर पाण्यात कालवायचं आणि त्या पेस्टवर ५३० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश टाकायचा. हिरवा का? कारण तिथे पिवळ्या रंगद्रव्याचा अडथळा फारसा येत नाही, कोंड्याचा काळपटपणा मात्र पकडला जातो.

तुमच्या दादरलाही हेच लावा. कोरड्या पिठाचं मोजमाप रोज घ्या, ते झटपट होतं. पण वाद झाला की पेस्ट करून मोजा. प्रमाण ठरलेलं, ढवळायचा वेळ ठरलेला, आणि मोजायची मिनिटं ठरलेली. मिनिटं का, तर पाणी लागलं की एन्झाइमं कामाला लागतात आणि पेस्ट काळवंडत जाते. दुसरी सूचना आपल्या भागासाठी खास: पेस्टला बोअरचं पाणी वापरू नका. ज्वारीतली रंगद्रव्यं आंबट-खाऱ्यावर रंग बदलतात. खाऱ्या, क्षारयुक्त पाण्यात ती गडद होतात, आंबटात उजळतात. ज्वारीच्या पिठात पापडखार पडला की रंग कसा फिरतो ते तुमच्या घरच्या बायकांना विचारा. तुमचं बोअर एक, पुण्याचं नळाचं पाणी दुसरं. दोघांनीही डिस्टिल्ड पाणी वापरायचं, म्हणजे भांडण पिठावरच राहील.

इथवरचं थोडक्यात: आधी स्केल, मग बारीकपणा, ओलावा आणि दाबणं, मग पेस्ट. एवढं करूनही फरक राहिला तरच पिठाला दोष द्यायचा.

आता पिठाचा दोष. हा भाग परिस्थितीप्रमाणे बदलतो, तुमच्या चक्कीवर उभं राहिल्याशिवाय मी नक्की सांगू शकत नाही. तरी दादरच्या बाबतीत काळपटपणा कुठून येतो ते सांगतो. तापीकाठच्या काळ्या जमिनीत नुसत्या ओलीवर पिकलेली अस्सल रब्बी दादर फारशी काळी पडत नाही, कारण ती पक्व होते तेव्हा आभाळ कोरडं असतं. खरिपाची संकरित ज्वारी कापणीच्या वेळी पावसात सापडली की दाण्याला बुरशी धरते, काळे ठिपके पडतात. व्यापाऱ्यानं दादरमध्ये ती थोडीशी मिसळली तरी भाकरीला कळतं आणि मीटरलाही. एल खाली येतो. यात मात्र मीटरआधी डोळा वापरा. शंभर दाणे पांढऱ्या ताटलीत मोजून टाका, काळे किती ते मोजा, वहीत लिहा. दोन मिनिटांचं काम आहे. मीटर ‘गडद’ एवढंच सांगेल, ताटली कारण सांगेल.

दगडी चक्की असेल तर दगडाला टाकी लावल्यानंतरचं पहिलं दळण बाजूला काढता ना? नव्यानं टाचलेल्या दगडाची बारीक कच पिठात येते आणि पिठाला राखाडी झाक येते. रंगात फरक छोटा असतो, पण पीठ जाळून आम्लात न विरघळणारी राख तपासली की लगेच उघडं पडतं. आणि दगड घट्ट लावून जोरात चालवलं तर पीठ तापून निघतं, हाताला चटका बसतो. असं पीठ किंचित तांबूस होतं, ए वाढतो. एल बघत बसलात तर हे निसटेल.

आणि रंगानं कळत नाही अशी एक गोष्ट. ज्वारीचं पीठ जुनं झालं, कडवट झालं, विरी (भाकरी थापताना लागणारा चिकटपणा) गेली, तरी एल, ए, बी जवळपास जागेवर राहू शकतात. माझी आई पिठाची चिमूट नाकाजवळ नेऊन ‘हाई पीठ जुनं शे’ म्हणायची आणि भाकरी थापली की ती कडेनं चिरायचीच. विरी मोजणारं कलर मीटर अजून मी पाहिलेलं नाही. म्हणून रंगाची चाचणी पास झाली म्हणजे लॉट पास झाला, असं गिऱ्हाइकालाही वाटू देऊ नका. दळल्याची तारीख पिशवीवर हवीच.

बेसनाचा हिशोब पूर्ण वेगळा. दादरमध्ये सगळं लक्ष एलवर, बेसनात बीवर. अख्ख्या, साल नीट निघालेल्या हरभरा डाळीचं बेसन पिवळं आणि उजळ येतं. डाळ मिलची चुरी दळली की सालीचे कण जास्त येतात, एल घसरतो, ए चढतो. वाटाण्याचं पीठ मिसळलं की बी खाली येतो, बेसन फिकट होतं. आणि ते फिकटपण झाकायला कोणी रंग घातला की बी वर येतो आणि मीटर खूश होतं! बेसनात कोणताही रंग घालायला अन्नसुरक्षेचे नियम परवानगी देत नाहीत. तेव्हा बी अचानक सुधारला तर मी आनंद मानत नाही, हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली काढतो. नमुन्यात आम्ल टाकलं आणि गुलाबी-जांभळा रंग आला तर मेटॅनिल यलो या खाण्यात न चालणाऱ्या पिवळ्या रंगाचा संशय. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं लालसर झालं तर हळद. तुम्ही बाहेरून तयार बेसन घेऊन पॅक करत असाल तर हे दोन थेंब प्रत्येक लॉटला टाका, आणि काही दिसलं तर नमुना मान्यताप्राप्त लॅबला पाठवा. बेसन उजेडात ठेवलं की वरचा थर फिकटतो हेही लक्षात असू द्या. पारदर्शक पिशवीतला दुकानातला नमुना आणि पोत्यातला नमुना यांची तुलना करू नका.

गव्हाचं तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढे कणिक सुरू करायचा विचार आहे म्हणालात म्हणून एवढंच: मैदा ठेवला की हवेतल्या ऑक्सिजननं त्याची पिवळी रंगद्रव्यं विरतात आणि तो आपोआप पांढरा होतो. कणकेत उलट, मळलेला गोळा काही तासांनी काळवंडतो, त्यात कोंड्याजवळच्या पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या एन्झाइमचा हात असतो. म्हणून कणकेचा रंग कोरडा मोजून भागत नाही. गोळा मळून लगेच एकदा आणि २४ तासांनी एकदा मोजायचा. गिऱ्हाइकाची तक्रार सकाळी मळून ठेवलेल्या कणकेच्या संध्याकाळच्या पोळीची असते.

आता मीटर. फोनवर फोटो काढून आकडा देणारी ॲप असतात. फोन स्वतःच्या मर्जीनं पांढऱ्याचा तोल बदलतो, त्यामुळे त्याचा आकडा गिऱ्हाइकासमोर ठेवण्यालायक नाही. एका बंद खोक्यात एकच दिवा, कॅमेऱ्याची सेटिंग लॉक, आणि त्याच चौकटीत मानक नमुना शेजारी, असं केलं तर घरच्या घरी ‘आजचं पीठ कालच्यासारखं आहे का’ एवढं कळतं. गिरण्यांत आणि राइस मिलमध्ये श्वेतांक मीटर असतं, ते एकच आकडा देतं. ते निळ्या पट्ट्यात मोजतं, त्यामुळे पिवळेपणा आणि कोंडा यांची खिचडी करून देतं. मैद्याला चालेल. तुमच्या बेसनाला निरुपयोगी. तुम्हाला एल, ए, बी देणारं साधं कलरिमीटर पुरेल. स्पेक्ट्रोफोटोमीटर जास्त अचूक आणि बरंच महाग, पण दोन उत्पादनांच्या युनिटला मी तो घ्यायला सांगणार नाही. घेताना दोनच गोष्टींवर अडून बसा. मोजायची खिडकी मोठी हवी, कारण आठ मिलिमीटरच्या खिडकीखाली कोंड्याचा एक कण आला तरी आकडा हलतो. आणि गिऱ्हाइकाचीच स्केल, प्रकाशस्रोत आणि कोन त्यात निवडता आला पाहिजे. विक्रेता आला की त्याच्या चकचकीत प्लास्टिकच्या चकतीवर डेमो घेऊ नका, तुमचं पीठ पुढे करा. एकच नमुना दहा वेळा वाटीत भरायला लावा, दर वेळी रिकामी करून. दहा आकड्यांत जेवढा पसारा दिसेल त्याच्या आत कोणतीही मर्यादा मान्य करू नका. मोजण्यातच एक अंक इकडे-तिकडे होत असेल तर अर्ध्या अंकाच्या अटीवर सही करणं म्हणजे नाणेफेकीवर सही करणं.

मर्यादेबद्दल आणखी एक. काही गिऱ्हाइकं एलची अट सोडून ‘डेल्टा ई दोनच्या आत’ असं लिहून मागतात. डेल्टा ई म्हणजे तिन्ही फरकांचे वर्ग करून बेरजेचं वर्गमूळ. त्यात दिशा हरवते. मानक ८६, १, १४ असेल, तर ८८, १, १४ चाही डेल्टा ई दोन आणि ८४, १, १४ चाही दोन. पहिला लॉट गिऱ्हाइक हसत घेईल, दुसरा परत येईल. म्हणून एल, ए आणि बीची वेगवेगळी मर्यादा लिहून घ्या, आणि दादरच्या एलला फक्त खालची हद्द ठेवा.

तुमच्या जागी असतो तर मी मीटरच्या आधी एक काम केलं असतं. गिऱ्हाइकाला पसंत असलेल्या लॉटमधून वरची, मधली, खालची अशी पाच-सहा पोती निवडून परखीनं (पोत्यात खुपसायच्या नळीनं) नमुना काढायचा, एकत्र कालवायचा आणि हवाबंद, उजेड न लागणाऱ्या पाकिटांत भरायचा. अर्धी पाकिटं तुमच्या फ्रीजरमध्ये, अर्धी त्यांच्या. लॉट गेला की दोघांनीही लॉट आणि पाकीट एकाच दिवशी, एकाच पद्धतीनं मोजायचं आणि फरकावर बोलायचं. दोन मीटर कधीच तंतोतंत जुळत नाहीत, पण दोघांनीही आपापल्या मीटरवर तोच नमुना मोजला की फरक बराच जुळतो. फ्रीजरमधलं पाकीट मात्र खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय फोडू नका, नाहीतर पिठावर दव धरतं आणि मानक नमुनाच काळपट निघतो. दर वर्षी नवी दादर बाजारात आली, तिचं दळण गिऱ्हाइकानं पसंत केलं, की पाकिटं नव्यानं भरायची. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी हे उरकलं तर बरं, त्या पंधरवड्यात चक्कीवर श्वास घ्यायला वेळ नसतो.

तोवर त्या परत आलेल्या लॉटचं काय, हा तुमचा खरा जीव टांगणीला लागलेला प्रश्न आहे हे मला कळतंय. लॉट विकून टाकू नका आणि पुन्हा चाळूही नका. दोन किलो नमुना सील करून बाजूला ठेवा, आणि दोन्ही अहवालांच्या शेवटच्या पानांचे फोटो मला पाठवा, दोन्ही पक्षांची नावं झाकून. एलच्या शेजारी चांदणी आहे की नाही, एवढं दिसलं तरी पुरे.